धुराड्याचे तोंड कुणीकडे?

धुराडे उंच का असावे, हे तिरोडा तालुक्याला वेगळे सांगायला नको. तिथल्या औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, एकूण ३,३०० मेगावॉटचे. हे केंद्र उभे राहत होते तेव्हा ५०० मेगावॉट आणि त्याहून मोठ्या संचाला २७५ मीटर उंचीचे धुराडे बंधनकारक होते. नियम फक्त मोठ्यांना आहे असेही नाही. कोळशावर चालणारा, तासाला दोन टनांहून कमी वाफ देणारा छोटा बॉयलर असला तरी त्याचे धुराडे ९ मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीचपट, यांत जे जास्त असेल तेवढे उंच लागते. हॉटेलच्या मागे ठेवलेला डिझेल जनरेटरही यातून सुटलेला नाही. त्याच्या केव्हीएचे वर्गमूळ काढायचे, ०.२ ने गुणायचे आणि उत्तर येईल तितके मीटर धुराची नळी इमारतीच्या छपराच्या वर न्यायची, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र आहे. २५ केव्हीएला १ मीटर, १०० केव्हीएला २ मीटर. आता त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात या. सकाळी पोह्यांची फोडणी, मग आलूबोंड्याचे तळण, दुपारी भाज्यांचा रस्सा, रात्री तंदूर आणि चायनीजचा जाळ. भिंतीला भोक पाडून बसवलेला एक एक्झॉस्ट पंखा, आणि त्याचे तोंड शेजारच्या घराच्या खिडकीवर. वीज गेली तरच चालणाऱ्या जनरेटरची नळी छपराच्या वर काढायला लावणारी आपली व्यवस्था सकाळपासून रात्रीपर्यंत तापलेल्या कढईला मात्र सहसा काही विचारत नाही.

हा प्रश्न मुंबई-पुण्याचा वाटतो, पण तो चोरखमाऱ्यासारख्या गावात मांडलेला बरा, कारण तिथे तो अजून सोडवण्याजोगा आहे. चोरखमारा हे नागझिरा अभयारण्यात शिरण्याचे एक गेट. नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले. जंगलाच्या गेटवरचे गाव कसे वाढते हे विदर्भाने ताडोबाच्या वेशींवर पाहिले आहे: आधी चहाची टपरी, मग नाश्ता, मग जेवणाची थाळी, मग रिसॉर्टला पार्सल पुरवणारे स्वयंपाकघर. यातले बहुतेक व्यवसाय राहत्या घराच्या पडवीत किंवा घराला लागून सुरू होतात, आणि गावठाणात एका घराची भिंत दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते. म्हणून माझे म्हणणे असे की, विकण्यासाठी अन्न शिजवणाऱ्या स्वयंपाकघराला परवानगी देताना धुराड्याचे तोंड कुठे उघडणार हे नकाशावर दाखवायला लावावे. तेही चूल पेटण्याच्या आधी, तक्रार आल्यावर नव्हे.

आधी धुरात काय असते ते पाहू, कारण ‘वासच तर आहे’ असे म्हणून विषय उडवला जातो. तेल तापले की त्याचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडतात. पाण्याचा अंश असलेला पदार्थ उकळत्या तेलात सोडला की पाण्याची एकदम वाफ होते आणि ती वाफ जाताना तेल सोबत घेऊन जाते. तळणाचा जो चरचर आवाज येतो तो याचाच. तेल धूर सोडायच्या बेताला तापले की त्याचे विघटन होते आणि डोळ्यांना झोंबणारे अॅक्रोलिनसारखे वायू निघतात. लाल मिरचीचा ठसका तिसराच. तो वायूपेक्षा कणांवर बसून जास्त फिरतो, म्हणून सावजी रश्श्याची फोडणी चार घरे पलीकडे खोकल्यातून कळते. उच्च तापमानावरच्या तळणातून निघणाऱ्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० साली ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात, म्हणजे २-अ मध्ये टाकले. शेजारच्या भज्यांनी कुणाला कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. त्या वर्गीकरणामागचा पुरावा मुख्यतः कढईशेजारी वर्षानुवर्षे उभ्या राहणाऱ्यांचा आहे. पण ज्या हवेत आचाऱ्याने फार वेळ राहू नये असे विज्ञान म्हणते, ती हवा शेजारच्या बाळंतिणीच्या खोलीत सोडायला हरकत नाही, असे तर म्हणता येणार नाही.

हे तेलकट धुके अडवण्याचे उपाय आहेत, पण एका उपायाने सगळे अडत नाही. शेगडीवरच्या हूडमधल्या वाकड्या पट्ट्यांच्या जाळीवर धूर आपटतो, वळतो, आणि जड थेंब पट्ट्यांना चिकटून खालच्या पन्हळीत ओघळतात. हलके थेंब मात्र धुराबरोबर वळून निसटतात. त्यांना पकडायला विजेचा भार देऊन प्लेटवर ओढून घेणारे यंत्र लागते. वायूरूपातला वास त्यातूनही सुटतो. त्याला सक्रिय कोळशाची गाळणी लागते. ही गाळणी तेलाने माखली किंवा फार गरम, दमट हवेत ठेवली की लवकर निकामी होते, म्हणून ती साखळीत शेवटी बसवायची आणि वरचेवर बदलायची. साहजिकच गावातल्या खानावळीला हे सगळे परवडणार नाही. आणि ज्या नळीत तेल थिजून थर साचतो, ती साफ केली नाही तर एक दिवस ठिणगी पुरते. म्हणजे गाळण्यांवरच भिस्त ठेवली, तर खर्च कायमचा आणि भरवसा मालकाच्या शिस्तीवर. उंचीचे तसे नाही. नळी एकदा छपराच्या वर गेली की ती रोज आपोआप काम करते.

उंचीने नेमका किती फरक पडतो, याचा एक चांगला हिशेब इंग्लंडमध्ये मांडला गेला. तिथे पार्सलच्या दुकानाला नियोजन परवानगी लागते, आणि १ सप्टेंबर २०२० पासून अशा दुकानांना वापराच्या कुठल्याही सर्वसाधारण वर्गात न धरता स्वतंत्र ठेवले आहे, म्हणजे कपड्याच्या दुकानाचे परस्पर तळणाचे दुकान करता येत नाही. परवानगी देताना धुराचा धोका मोजण्यासाठी २००५ साली पर्यावरण खात्याने एक मार्गदर्शिका काढली. सरकारने ती पुढे मागे घेतली, पण २०१८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती खासगीरीत्या निघाली आणि तिथल्या परिषदा अजून त्याच रीतीने गुण मोजतात. धूर बाहेर पडण्याची जागा, घराचे अंतर, स्वयंपाकघराचा आकार आणि पदार्थांचा प्रकार या चार गोष्टींना गुण. समजा, लहान पार्सल दुकान आहे, तळण हेच मुख्य काम आहे आणि घर २० मीटरच्या आत आहे. आकाराचा १, तळणाचे १०, जवळच्या घराचे १०. धूर खालच्या पातळीवर किंवा अंगणात सोडला तर त्याचे आणखी २०. बेरीज ४१, म्हणजे ३५ च्या पुढचा ‘अति जास्त’ धोका. तेच दुकान, तोच आचारी, तेवढेच तळण. फक्त नळी छपराच्या आढ्यावर १ मीटर नेली आणि धूर सेकंदाला १५ मीटर वेगाने वर फेकला, तर २० ऐवजी ५ गुण लागतात आणि बेरीज २६ वर येते. पदार्थ बदलून किंवा धंदा लहान करून एवढे गुण उतरत नाहीत.

छपराच्या वरच का, हे इमारतीभोवती वारा कसा वाहतो त्यावरून कळते. वारा भिंतीवर आदळला की छपरावरून उडी मारतो आणि पलीकडच्या बाजूला भोवरा तयार होतो. धूर छपराच्या खाली सोडला तर तो या भोवऱ्यात अडकतो आणि दोन घरांमधल्या बोळात गोल गोल फिरत राहतो. भोवऱ्याच्या वर सोडला तर वाऱ्याबरोबर निघून जातो, विरळ होतो. इथे आपल्याकडची एक सवय मुद्दाम सांगायला हवी. पावसाचे पाणी आत जाऊ नये म्हणून धुराड्याच्या तोंडावर पत्र्याची टोपी ठोकतात. सरळ वर जाणारा धूर त्या टोपीवर आपटतो आणि खाली वळतो. उंच नळीवर केलेला खर्च वीतभर पत्र्यामुळे वाया जातो. पाणी अडवायचे तर टोपीऐवजी नळीच्या तोंडाभोवती थोडी मोठी, वर-खाली उघडी बाही बसवता येते, आणि तळाशी पाणी काढून द्यायला लहानसे छिद्र. एवढे साधे काम आहे, पण पत्रावाल्याला कुणी सांगितलेलेच नसते.

मग आपल्याकडे परवानगीच नसते का? परवानग्या पुष्कळ आहेत. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो. त्या कायद्याखालच्या २०११ च्या नियमांच्या परिशिष्ट ४ मध्ये स्वयंपाकघराच्या वायुवीजनाची अट आहे: हवा अस्वच्छ भागाकडून स्वच्छ भागाकडे वाहू नये. अट चांगली आहे, पण तिची नजर स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी थांबते. धूर भिंतीबाहेर गेला की अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या लेखी काम झाले. भिंतीच्या पलीकडे कुणाचे देवघर आहे, हा त्याचा विषय नाही. अग्निशमन विभाग आग पाहतो. बृहन्मुंबईत १८८८ च्या महापालिका कायद्यातील कलम ३९४ खाली खाद्यगृहाला परवाना लागतो आणि त्यात अटी घालता येतात. गावात घर बांधायला किंवा वाढवायला महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली ग्रामपंचायतीची परवानगी लागते, आणि तिथे नकाशावर खोल्या, दारे, शौचालय, हद्दीपासूनचे अंतर दिसते. प्रत्येक खाते आपल्या वाट्याचा तुकडा पाहते. धुराची नळी या सगळ्या तुकड्यांच्या मधून निघून जाते.

याला नेहमीचे उत्तर असे, की त्रास झाला तर कायदा आहेच. खरे आहे, आणि कायदा तगडाही आहे. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात, कलम ७ च्या उदाहरणांत, आपल्या जमिनीवर येणारी हवा दुसऱ्याने अवाजवीपणे दूषित करू नये हा मालकाचा हक्क सरळ लिहिलेला आहे. सार्वजनिक उपद्रव हटवण्याचा सशर्त आदेश कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात; पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२. याच कलम १३३ वर रतलाम नगरपालिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० मध्ये न्यायालयाने बजावले की पैसा नाही ही सबब नगरपालिकेला चालणार नाही. ब्लोअरच्या घरघरीसाठी २००० चे ध्वनी नियम आहेत: निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. पण हे सगळे नंतरचे उपाय. तोवर शेगड्या बसलेल्या असतात, कर्ज काढलेले असते, चार माणसे कामाला असतात. त्या टप्प्यावर निकाल कुणाच्याही बाजूने लागला तरी एका घराचे नुकसान ठरलेले असते, आणि गावात तर दोन्ही घरे बहुधा एकाच भावकीतली. खटला जिंकून लग्नकार्याचे आमंत्रण गमावणे कुणाला परवडते?

उशिरा जागे झाल्यावर काय होते, हे मुंबईच्या बेकऱ्यांनी अनुभवले. मुंबईच्या हवेबद्दल उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली होती. तिच्यात ९ जानेवारी २०२५ रोजी आदेश झाला की लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तंदूरवाल्यांनी सहा महिन्यांत गॅस, वीज अशा स्वच्छ इंधनावर यावे, आणि नव्यांना लाकूड-कोळशासाठी परवानगी देऊ नये. यांतल्या कित्येक भट्ट्या पिढ्यान्‌पिढ्या पाव भाजत आल्या आहेत. जुनी दगडी भट्टी गॅसवर आणायची म्हणजे नवीनच बांधायची. न्यायालयाचा हेतू योग्य होता. पण शहराने जी अट परवाना देताना घालायला हवी होती, ती सहा महिन्यांच्या मुदतीच्या रूपाने येऊन धडकली. आणि इंधन बदलले म्हणजे सगळे भागले असेही नाही. गॅसवर तापलेले तेल तितकेच धुके सोडते. इंधनाचा धूर आणि कढईचा धूर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. चर्चेत बहुतेक वेळा पहिलाच असतो.

चीनने या दुसऱ्या प्रश्नाला सरळ हात घातला. २००१ साली तिथे स्वयंपाकाच्या धुरासाठी दर घनमीटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा आली. पण मर्यादा मोजायला यंत्र, माणूस आणि प्रयोगशाळा लागते. म्हणून १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या हवा प्रदूषणाच्या सुधारित कायद्याच्या कलम ८१ ने जागेवरच बोट ठेवले: निवासी इमारतीत, स्वतंत्र धुराड्याची नळी नसलेल्या मिश्र वापराच्या इमारतीत, आणि मिश्र इमारतीत राहत्या मजल्याला लागून असलेल्या मजल्यावर धूर करणारे नवे खाद्यगृह उघडता येत नाही. सगळ्याच बाबतीत चीनचे अनुकरण करावे असे कुणी म्हणणार नाही. इथे मात्र अट डोळ्यांनी तपासता येते, हे तिचे बळ आहे.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप गरीब माणसाच्या धंद्याचा. बचत गटाच्या बाया पोळी-भाजी करून विकतात, त्यांच्या मागे आणखी एक कागद लावायचा का? नाही. अट कामाच्या प्रमाणात असावी. चहा, वाफवलेले पदार्थ, थोड्या पोळ्या, थोडे पोहे यांना साधा हूड पुरे. रोजचे तळण, तंदूर आणि मोठ्या जाळावरची कढई आली की नळी छपराच्या वर. कौलारू एकमजली घरावरून ही नळी नेणे हे बांधतानाचे किरकोळ काम. तेच पुढे स्लॅब फोडून करायचे म्हटले की महाग पडते. गरिबाची काळजी असेल तर त्याला खर्च कमी असतानाच सांगायला हवे. दुसरा आक्षेप, घरोघरी फोडणी होतेच की. होते, पण घरची फोडणी पाच मिनिटांची असते आणि घरच्यांसाठी असते. तिसरा आक्षेप म्हणजे ‘हॉटेल आधीचे, घर नंतरचे’. याला फार जुने उत्तर आहे. लंडनमध्ये एका मिठाईवाल्याच्या खलबत्त्यांचा आवाज वीस वर्षांहून अधिक काळ चालू होता. शेजारच्या डॉक्टरने बागेच्या टोकाला तपासणीची खोली बांधली आणि मग तक्रार केली. १८७९ च्या या खटल्यात, स्टर्जेस विरुद्ध ब्रिजमन, निकाल डॉक्टरच्या बाजूने लागला. आधी आलो म्हणून त्रास देण्याचा हक्क मिळत नाही, हे तत्त्व विद्यार्थी आजही याच खटल्यावरून शिकतात. धंदेवाल्याने यातून घ्यायचे ते हे, की आज शेजारी मोकळी जागा आहे यावर विसंबू नये.

चौथा आक्षेप खास गावाकडचा: इथे हवा मोकळी आहे, जंगल आहे, धूर राहतो कुठे! उन्हाळ्याच्या दुपारी हे पटण्यासारखे आहे. पण विदर्भातले सर्वांत कमी तापमान हिवाळ्यात अनेकदा गोंदियातच नोंदले जाते, आणि अशा स्वच्छ, थंड, निवांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते. गार हवा जड, ती वर उठत नाही; वरची उबदार हवा झाकण घातल्यासारखी तिच्यावर बसते. सूर्य वर येईपर्यंत खाली सोडलेला धूर खालीच पसरतो. जंगल सफारी पहाटे निघते, म्हणजे पोहे आणि चहाची मोठी गर्दी नेमकी याच वेळेला. पर्यटनाचा हंगामही ऑक्टोबर ते जून. पावसाळ्यात, जेव्हा हवा धुतली जाते, तेव्हा गेट बंद. चोरखमाऱ्याला धंद्याचे दिवस आणि धूर साचण्याचे दिवस बरेचसे एकच आहेत.

अंमलबजावणी कोण करणार, हा आक्षेप उरतो, आणि नियम कागदावर राहण्याचा आपला अनुभव पाहता तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. म्हणूनच नियम असा हवा की तो मोडला तर रस्त्यावरून दिसावा. नळी छपराच्या वर आहे की नाही, तिच्यावर टोपी आहे की नाही, भिंतीच्या भोकातला पंखा शेजाऱ्याच्या खिडकीकडे आहे की नाही, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, सरपंचाला आणि शाळेतल्या पोरालाही यंत्राशिवाय सांगता येते. यासाठी मुंबईहून नवा कायदा येण्याची वाट पाहायची गरज नाही. बांधकामाची परवानगी आणि व्यवसायाचा नाहरकत दाखला देताना ग्रामपंचायतीने चार ओळींची अट घालावी: नकाशावर धुराड्याचे तोंड दाखवा, रोजचे तळण किंवा तंदूर असेल तर ते शेजारच्या छपराहून किमान १ मीटर वर ठेवा, टोपी लावू नका, ब्लोअर शेजारच्या भिंतीला टेकवू नका. जुन्यांना एक हंगाम सवलत द्यावी. नागझिऱ्याचे गेट १ ऑक्टोबरला उघडते आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते. पण तोवर त्या हंगामाच्या कढया चढलेल्या असतील, म्हणून चोरखमाऱ्याने आणि गेटवरच्या बाकी गावांनी हा ठराव त्याआधीच्या, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यावा.